नियमासह क्रीट



परदेशप्रवासाचा बेत निघाला की आपल्या बहुतेक कुटुंबांत एक वाक्य ठरल्याप्रमाणे उच्चारले जाते: "तुम्ही सगळे जाऊन या, मी घर सांभाळते." हे म्हणणाऱ्या असतात घरातील आई. त्यांचा चौविहार पंचवीस-तीस वर्षांचा, कंदमूळ लहानपणापासून वर्ज्य, पाणी उकळलेलेच. मुलगा आग्रह करतो, सूनबाई एकदोनदा विनवितात, आई हसून विषय बदलतात आणि तिकिटे त्यांना वगळून निघतात. ज्या आईंनी आग्रह मानला, त्यांची कथाही फारशी निराळी नसते. आठ दिवस खाकरे आणि केळी यांवर काढून त्या परततात आणि प्रवासाचे पुन्हा नाव घेत नाहीत.

याला नियम कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आहे ते बेत आखण्याच्या क्रमात. आपण आधी तिकिटे काढतो, मग हॉटेल ठरवितो, मग स्थळांची यादी करतो आणि अगदी शेवटी, बॅगा भरताना, आईंच्या जेवणाचा विचार करतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे सूर्यास्त, तिथी आणि स्वयंपाकघर यांपासून आरंभ केला, तर कोठे जावे आणि केव्हा जावे याची उत्तरे आपोआप बदलू लागतात. भूमध्य समुद्रातील बेट प्रथमच पाहू इच्छिणाऱ्या कुटुंबास या क्रमाने विचार करता मी ग्रीसचे क्रीट सुचवीन.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. पूर्वपश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे पुणे-कोल्हापूर अंतराहून थोडी अधिक. रुंदी कोठे ६० किलोमीटर तर कोठे अवघी १२. मधून डोंगरांची रांग गेली आहे आणि तिचे सर्वोच्च शिखर २,४५६ मीटरचे आहे. मोठी शहरे सारी उत्तर किनाऱ्यावर: पूर्वेकडे इराक्लिओ, पश्चिमेकडे खानिया, मध्ये रेथिम्नो. परंतु क्रीट निवडण्याचे माझे कारण भूगोलात नाही. ते तेथील लोकांच्या उपवासात आहे.

ग्रीक लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. त्यांच्या पंथात बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे दिवस. ईस्टरपूर्वीचे सुमारे सात आठवडे, नाताळापूर्वीचे चाळीस दिवस आणि ऑगस्टचे पहिले दोन आठवडे हे मोठे उपवासकाळ. सगळे दिवस मोजले तर वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग होतो. या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज हे सारे वर्ज्य. आज सर्वच लोक हे पाळतात असे नाही, जसे आपल्याकडेही सर्व पाळत नाहीत. परंतु प्रत्येक घरात कोणी तरी आजी ते पाळते आणि प्रत्येक स्वयंपाक्यास ते ठाऊक असते. अशा अन्नाला तेथे 'निस्तीसिमो' म्हणतात. "मी शाकाहारी आहे" असे सांगितल्यावर युरोपात अनेक ठिकाणी समोरचा माणूस गोंधळून पाहतो किंवा कीव करतो. "निस्तेवो", म्हणजे "माझा उपवास आहे", असे क्रीटमधील खेड्यातल्या खाणावळीत सांगितले तर त्यामागे धर्म आहे हे त्याला लगेच कळते. आईंच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. आपला नियम तेथे विचित्र ठरत नाही.

मात्र येथेच एक खाच आहे आणि ती नीट समजून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. निस्तीसिमो म्हणजे जैन आहार नव्हे. ज्या प्राण्यांत लाल रक्त नाही ते त्यांच्या उपवासाला चालतात: कालवे, कोळंबी, माकुल, आठ पायांचा ऑक्टोपस आणि क्रीटमध्ये तर गोगलगायीसुद्धा. माशांच्या अंड्यांची गुलाबी चटणी, 'तारामोसलाता', उपवासाच्या ताटात मानाने मांडली जाते. कांदा, लसूण, बटाटा यांना अर्थातच मज्जाव नाही. तेव्हा 'निस्तीसिमो' या शब्दाने दार उघडते, परंतु उंबरठ्यावर उभे राहून आणखी काही शब्द सांगावेच लागतात. ग्रीकमध्ये 'वाचून' किंवा 'शिवाय' यासाठी 'खोरिस' हा शब्द आहे. 'खोरिस थालासिना' म्हणजे समुद्री जीवांशिवाय, 'खोरिस क्रेमीदी' कांद्याशिवाय, 'खोरिस स्कोर्दो' लसणीशिवाय, 'खोरिस पताता' बटाट्याशिवाय, 'खोरिस तिरी' चीजशिवाय, 'खोरिस मेली' मधाशिवाय. हे सहा शब्दप्रयोग घरातील शाळकरी नातवाकडून पाठ करून घ्यावेत. मुलांना अशी जबाबदारी फार आवडते. शिवाय मुक्कामाच्या घरमालकाकडून हीच यादी ग्रीक लिपीत एका कागदावर लिहून घ्यावी आणि ती खाणावळीत आत, स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती पोहोचवावी. वाढप्याला सांगितलेले अर्धे वाटेत सांडते.

चीज आणि मध यांविषयी दोन शब्द अधिक. तेथील फेटा किंवा ग्राविएरा ही चीजे परंपरेने वासरा-कोकरांच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजली जातात. ज्यांचा नियम काटेकोर आहे त्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. सॅलडवर चीजचा पांढरा तुकडा न मागता येतो, म्हणून 'खोरिस तिरी' आधीच म्हणावे. मध हा क्रीटचा अभिमान. दह्यावर, तळलेल्या गोड पदार्थांवर, सर्वत्र तो ओतलेला असतो. आपल्याकडे तो अभक्ष्यात मोडतो हे घरच्या तरुण मंडळींनाही पुष्कळदा आठवण करून द्यावे लागते. जेवण संपल्यावर खाणावळीचा मालक आपणहून फळांची थाळी आणि 'राकी' नावाच्या द्राक्षांच्या मद्याची छोटी कुपी आणून ठेवतो. त्याचे पैसे पडत नाहीत. ते आतिथ्य आहे. छातीवर हात ठेवून, हसून, कुपी मागे सारावी आणि फळे घ्यावीत. कोणी रागावत नाही.

मग खाणावळीत आईंनी खावे तरी काय? प्रामाणिक उत्तर असे की यादी लहान आहे, परंतु ती रुचकर आहे. पहिला पदार्थ 'खोर्ता': रानातील पालेभाज्या उकडून, वर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू. वसंतात कडवट चिकोरीच्या जातीच्या भाज्या असतात. उन्हाळा लागला की 'व्लीता' येते आणि ती आपल्या माठाची सख्खी बहीण आहे. पाहताक्षणी ओळख पटते. त्याबरोबर उकडलेली कोवळी झुकिनी, कांदा-चीजशिवाय टोमॅटो-काकडी, ताजा पाव, संत्री. खानिया परिसरातील संत्री मेपर्यंत बाजारात असतात. 'पाक्सिमादी' नावाचा जवाचा टोस्ट तर आपल्या खाकऱ्याचा थोरला भाऊ म्हणावा: दोनदा भाजून पूर्ण कोरडा केलेला, मेंढपाळांनी आणि खलाशांनी महिनोन्महिने जवळ बाळगलेला. तेलाने माखलेल्या भाज्या, भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, टोमॅटोतला मोठा पांढरा घेवडा यांच्या मोहात मात्र पडू नये. ते पदार्थ सकाळीच शिजवून ठेवलेले असतात आणि कांदा त्यांच्या मुळाशी असतो. ऐनवेळी तो काढता येत नाही. भाजलेले आणि तळलेलेही टाळावे. ज्या जाळीवर मांस भाजतात तिच्यावरच वांग्याच्या चकत्या भाजल्या जातात, ज्या तेलात माकुल तळतात त्यातच झुकिनी तळली जाते. उकडलेले आणि कच्चे, एवढेच बाहेर घ्यावे.

अष्टमी-चतुर्दशीला लीलोतरीचा त्याग असेल तर ही यादी आणखी आखडते, म्हणूनच मुक्कामाची जागा निवडताना स्वयंपाकघर ही पहिली अट असावी. क्रीटमध्ये हे अवघड नाही. स्वतःचे स्वयंपाकघर असलेली लहान घरे आणि सदनिका गावोगावी भाड्याने मिळतात आणि सहासात माणसांच्या कुटुंबाला हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा बहुधा स्वस्त पडतात. तेथील भांड्यांत पूर्वी काय शिजले असेल हा प्रश्न आईंच्या मनात येणारच. म्हणून एक कुकर, एक कढई, एक तवा आणि गाळणे घरून न्यावे. ग्रीसमधील वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, परंतु भिंतीतील छिद्रे दोन गोल पिनांची. आपली जाड तीन पिनांची किटली जोडणीशिवाय बसत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक शहरभागात उघड्यावर भाजीबाजार भरतो, त्याला 'लाइकी' म्हणतात. शेतकरी स्वतः माल घेऊन बसतो. हरभरा, मसूर, पिवळा वाटाणा, भोपळ्याच्या जाती, काकडी, टोमॅटो, लिंबे, सारे तेथे मिळते. व्यापारी घरातील माणसाला अनोळखी मुलखाचा बाजार पाहण्यासारखे दुसरे सुख नाही. भाव विचारण्यासाठी भाषा लागत नाही.

आता काळ. चातुर्मासात आपल्याकडे बहुतेक घरे प्रवास टाळतात, तेव्हा आषाढ चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे महिने गेले. नंतर नोव्हेंबर-डिसेंबरात जावे तर दिवस आखूड: नोव्हेंबरच्या आरंभी क्रीटमध्ये सूर्यास्त सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास होतो आणि बोटी, खाणावळी, भाड्याची घरे यांतील पुष्कळशी हिवाळ्यासाठी बंद झालेली असतात. उरतो तो चैत्री ओळी संपल्यापासून आषाढापर्यंतचा काळ, म्हणजे नेमकी मुलांची सुटी. मेच्या मध्यास तेथे सूर्योदय सव्वासहाच्या आसपास आणि सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास. जूनमध्ये तर साडेआठ उलटून जातात. नवकारसी सातच्या सुमारास येते. म्हणजे चौविहार करणाऱ्याला तेथे आपल्या गावापेक्षा तासाहून अधिक दिवस हाती मिळतो. ग्रीक लोक रात्री नऊच्या पुढे जेवतात. आपण सायंकाळी साडेसहाला खाणावळीत शिरलो तर ती रिकामी असते, स्वयंपाकी निवांत असतो आणि आपले सहा 'खोरिस' तो शांतपणे ऐकून घेतो. आपली ही अडचण तेथे सोय होऊन बसते.

या काळात एक दिवस मात्र कटाक्षाने टाळावा. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या रविवारी क्रीटमधील घरोघर, अंगणोअंगणी, रस्त्याच्या कडेला अख्खे कोकरू सळईवर भाजले जाते. तो त्यांचा सर्वांत मोठा सण आहे, सात आठवड्यांच्या उपवासाचे पारणे आहे. आपण त्याविषयी मत द्यावयाचे कारण नाही. परंतु त्या दिवशी तेथे असणे आपल्या आईंना सोसणारे नाही. हा सण जुन्या ज्युलियन पंचांगाने ठरतो, म्हणून युरोपातील इतर देशांच्या ईस्टरशी बहुधा जुळत नाही. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. नंतर दहाबारा दिवस जाऊ देऊन निघावे. कोणाला सुटीचे बंधन नसेल तर ईस्टरपूर्वीचे उपवासाचे आठवडेही उत्तम: तेव्हा प्रत्येक खाणावळीत निस्तीसिमो पदार्थांचा निराळा कागद लागलेला असतो. हवा मात्र तेव्हा गार आणि पावसाची असते.

इतके ठरले की पाहण्याच्या गोष्टींकडे वळावे. त्यांपैकी एका स्थळी आपल्या वाचकांनी पूर्ण सकाळ द्यावी असा माझा आग्रह आहे. इराक्लिओच्या दक्षिणेस पाच किलोमीटरवर क्नोसॉस आहे. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या, मिनोअन नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतीचा हा मोठा राजवाडा. पुस्तकांत त्याच्या शोधाचे श्रेय इंग्रज संशोधक आर्थर एव्हान्स यांना दिलेले असते. त्यांनी १९०० मध्ये उत्खनन सुरू केले, हे खरे. परंतु त्यांच्याही आधी, १८७८ मध्ये, त्या टेकडीवर पहिली कुदळ मारली ती इराक्लिओच्या एका व्यापाऱ्याने. त्यांचे नाव मिनोस कालोकेरिनोस. पेढीचा व्यवहार सांभाळून या गृहस्थांनी स्वतःच्या हौसेने तेथे खणले आणि माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण भरलेली कोठारे उजेडात आणली. त्या काळी बेटावर तुर्कांचे राज्य होते. सापडेल ते इस्तंबूलला जाईल या भीतीने स्थानिक लोकांनीच त्यांना काम थांबवावयास सांगितले. पुढे १८९८ च्या दंगलीत त्यांचे घर आणि त्यांतील संग्रह नष्ट झाला. आज त्या वाड्यात हिंडताना अरुंद, लांबच लांब कोठारांपाशी थांबावे. तेलाचे ते रांजण अजून जागेवर आहेत. ज्यांच्या आजोबांनी तेलाच्या किंवा धान्याच्या वखारी पाहिल्या, त्यांना निराळे काही समजावून सांगावे लागत नाही.

एव्हान्स यांनी काँक्रीट वापरून काही भाग नव्याने उभे केले आणि रंगविले. तज्ज्ञांत त्यावरून अद्याप वाद आहे. लाल खांब पाहून भारावून जाण्यापूर्वी हे मनात असू द्यावे. सकाळी फाटक उघडताच जावे, कारण सावली थोडी आणि जमीन खालीवर आहे.

दुपारी इराक्लिओच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावे. गर्दी असते ती बैलावरून उड्या घेणाऱ्यांच्या चित्रापुढे आणि फेस्टॉसच्या गूढ तबकडीपुढे. आपण आणखी एका कपाटापुढे उभे राहावे: त्यात तळहाताएवढ्या मातीच्या पाट्या आहेत. त्यांवरील लिपीला 'लिनिअर बी' म्हणतात. ती कोणालाच वाचता येत नव्हती. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने ती उलगडली आणि भाषा प्राचीन ग्रीक निघाली. जगाला वाटले होते की आता महाकाव्ये किंवा राजांचे पराक्रम वाचावयास मिळतील. निघाल्या त्या वह्या! किती तेल, किती लोकर, कोणत्या गावच्या कोणत्या मेंढपाळाकडे किती मेंढ्या. क्नोसॉसच्या पाट्यांतील मेंढ्यांची एकूण संख्या लाखाच्या घरात जाते. कळप शंभराचा असावयास हवा, प्रत्यक्षात कमी भरला, तर उरलेला आकडा 'येणे' म्हणून निराळ्या खुणेने नोंदलेला आहे. आपल्या पेढीवरील दिवाणजींना हे दाखविले असते तर त्यांनी मान डोलावली असती. आकडे तर आजही कोणालाही वाचता येतात: उभी रेघ म्हणजे एक, आडवी म्हणजे दहा, वर्तुळ म्हणजे शंभर. नातवाने वाचावे आणि आजोबांनी बेरीज तपासावी.

या पाट्या मुळात भाजलेल्या नव्हत्या. वर्ष संपले की ओल्या मातीत मिळवून पुन्हा नव्या करावयाच्या, अशीच त्यांची रीत असावी. राजवाड्याला आग लागली, त्या आगीत त्या भाजल्या गेल्या आणि म्हणून टिकल्या. एका पाटीवर देवतांना अर्पण केलेल्या मधाच्या घागरींची नोंद आहे. मध तेथे तेव्हापासून पवित्र. आपल्याला तो का चालत नाही हे मुलांना सांगण्यास याहून चांगली जागा कोणती?

खानियाच्या बाजूस चार दिवस ठेवावेत. व्हेनिसच्या सत्तेच्या काळातील बंदर, त्याच्या टोकावरचा दीपस्तंभ आणि सायंकाळी सात वाजता अजून लख्ख असलेला उजेड, हे आईंना बसल्या जागी मिळते. जुन्या गावात चामड्याच्या दुकानांची एक गल्ली आहे. ती सहज टाळता येते. पश्चिमेस वूवेस या खेड्यात ऑलिव्हचा एक वृक्ष आहे, वय किमान दोन हजार वर्षे मानले जाते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये विजेत्यांच्या मुकुटांसाठी त्याच्या डहाळ्या वापरल्या होत्या. खोड इतके पिळवटलेले आणि पोकळ, तरी वर दरसाल फळ धरते. तेथून जवळच्या एखाद्या तेलाच्या घाण्यावर चौकशी करावी. तेल विकत घेताना 'एक्स्ट्रा व्हर्जिन' या शब्दाबरोबर आम्लतेचे प्रमाण वाचावे. ते ०.८ टक्क्यांच्या आत असणे नियमाने आवश्यक आहे, चांगले तेल त्याच्याही पुष्कळ खाली असते.

काय गाळावे तेही सांगणे आवश्यक. सामारियाची घळ १६ किलोमीटरची, पूर्ण उतरणीची आणि खाली रस्ता नाही. तरुणांनी पुढच्या खेपेस जावे. सांतोरिनीला एका दिवसात जाऊन येण्याचा मोह सर्वांना होतो, कारण छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. वेगवान बोटीने दोनेक तास जाण्याचे, तितकेच येण्याचे आणि मध्ये गर्दी. तेथील उभ्या पायऱ्यांवरून प्रवाशांना वाहून नेणारी गाढवे दिवसभर उन्हात राबतात. ते दृश्य आपल्यासाठी नाही. पहिल्या प्रवासात क्रीट आणि क्रीटच. नऊ दिवस, दोन मुक्काम.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. ग्रीस शेंगेन गटात आहे. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. मेमध्ये निघावयाचे तर जानेवारी-फेब्रुवारीतच करावा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी आईंना स्वतः केंद्रावर जावे लागते. मागील पाच वर्षांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. आपल्या एकत्र कुटुंबांत पैसा पेढीच्या खात्यात असतो आणि आईंच्या नावे निराळे उत्पन्न नसते. म्हणून मुलाने त्यांच्या खर्चाची जबाबदारी घेणारे पत्र, स्वतःची आयकर विवरणपत्रे, व्यवसायाची नोंदणी आणि खात्याचे उतारे एकत्र जोडावेत. नाते सिद्ध करणारा कागद विसरू नये. आडनावे आणि स्पेलिंग पासपोर्टावर जुळतात की नाही हे चार महिने आधी पाहावे.

शिदोरीचा नियम वेगळा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. तुपाचा डबा, पेढे, दुधाची भुकटी घरीच ठेवावी. ताजी फळे-भाज्याही, केळी-नारळासारखे थोडे अपवाद सोडले तर, प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. मेमध्ये निघणाऱ्यांनी हापूसची पेटी नेण्याचा विचार सोडावा. खाकरे, मुरमुरे, मूगडाळ, मसाले खुशाल न्यावेत. विमानात जैन भोजन किमान एक दिवस आधी नोंदवावे लागते, परंतु ते केव्हा वाढले जाईल हे आपल्या हाती नाही. शक्यतो सकाळी मुंबईहून निघणारे विमान घ्यावे. पश्चिमेकडे जाताना सूर्य आपल्याबरोबर चालतो आणि दिवस लांबतो. परतताना संध्याकाळ चटकन गाठते, तेव्हा शिदोरी हाताशी असावी. कोणत्या गावाचा सूर्यास्त धरावा, तिथी कोणती मानावी, याविषयी ज्याने त्याने आपल्या गुरुभगवंतांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. बेटावर देरासराची अपेक्षा ठेवू नये. भावपूजेची पुस्तिका आणि सामायिकाचे आसन बरोबर असले की पुरे.

अथेन्सहून क्रीटला विमान पाऊण-एक तासात पोहोचते. जाताना विमानाने जावे, येताना मात्र रात्रीच्या बोटीने यावे असे मी सुचवीन. इराक्लिओहून ही मोठी जहाजे रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुटतात. धक्क्यावर लवकर जाऊन, सूर्यास्तापूर्वी घरून आणलेला डबा तेथील भिंतीवर बसून संपवावा, पाणी पिऊन पच्चक्खाण घ्यावे आणि मग जहाजावर चढावे. झोपावयाच्या खोल्या आधी आरक्षित कराव्यात. आईंसाठी खालची शय्या मागावी. पहाटे सहा-साडेसहाला पिरेयस बंदर येते. नवकारसीला तेव्हा अर्धा तास असतो आणि बंदराबाहेर संत्री विकणारे दुकान तोवर उघडते.